चॅप्टर १३ मध्ये चुकीचा क्लेम आला तर हरकत कशी घ्यायची

क्लेम नंबर ९. रक्कम ६,३१८ डॉलर ४० सेंट. घेणेकरी म्हणून जी कंपनी लिहिली होती, तिचं नावसुद्धा माझ्यासमोर बसलेल्या नवरा-बायकोने कधी ऐकलं नव्हतं. "कोर्टाच्या कागदावर आलंय म्हणजे असेल काहीतरी आपलंच जुनं," ताई म्हणाल्या आणि पिशवीतला पुढचा कागद काढायला लागल्या.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ, दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या एका वकिलांकडे पॅरालीगल म्हणून काम करते. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये नेमकं काय करावं हे मी सांगू शकत नाही. पण ताईंचं ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता जीव तुटतो. क्लेम म्हणजे घेणेकऱ्याने "माझं इतकं येणं आहे" म्हणून भरलेला कागद. तो कोर्टाचा नसतोच. कोर्टाच्या रजिस्टरला फक्त तो लावलेला असतो. त्यावरचा आकडा घेणेकऱ्याने स्वतः भरलेला असतो आणि तो दाखल होताना कोणीही तपासत नाही.

आणि तरीही तो आकडा तुमच्या गळ्यात पडतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ५०२ असं आहे की दाखल झालेल्या क्लेमवर कोणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर धरला जातो. मौनं संमतिलक्षणम् आपण लग्नाच्या बैठकीत म्हणतो, इथे तो अक्षरशः कायदा आहे. म्हणून हा लेख. चॅप्टर १३ म्हणजे ३ ते ५ वर्षं ट्रस्टीकडे (हप्ते गोळा करून घेणेकऱ्यांत वाटणाऱ्या, केसवर नेमलेल्या माणसाकडे) हप्ते भरायचे, अशी दिवाळखोरीची केस केलेल्या किंवा करणार असलेल्या माणसासाठी मी लिहिते आहे. चॅप्टर ७ मध्ये हप्ते नसतात, असेल ती मालमत्ता विकून घेणेकऱ्यांत वाटतात. त्या वाल्यांपैकी बहुतेकांच्या केसमध्ये वाटायला काही नसतंच, म्हणून तिथे क्लेमचा प्रश्न सहसा येत नाही. वाटायला असलं, तर हरकतीचं काम मुख्यतः ट्रस्टी करतो. तुमच्या हाती काही उरणार असेल किंवा न सुटणारं कर्ज त्यातून फिटणार असेल, तेव्हाच तुमचं म्हणणं कोर्ट ऐकतं.

सुरुवातीलाच विचारा: हरकत घेऊन माझा फायदा काय?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो आधी विचारायला हवा.

चॅप्टर १३ चे प्लॅन ढोबळमानाने दोन तऱ्हेचे असतात. एकात तुम्ही ठराविक रक्कम भरता, समजा महिन्याला ४०० डॉलर, ६० महिने. ती रक्कम बिनतारणी घेणेकऱ्यांत, म्हणजे ज्यांच्याकडे घर-गाडीसारखं तारण नाही त्यांच्यात, वाटली जाते. अशा प्लॅनमध्ये एक क्लेम उडाला तर तुमचा हप्ता कमी होत नाही, बाकीच्यांच्या वाट्याला थोडं जास्त येतं इतकंच. मग हरकतीचे कष्ट कोणासाठी? एक अपवाद मात्र मोठा आहे. त्या "बाकीच्यांत" तुमचा टॅक्स किंवा स्टुडंट लोन असेल, जे दिवाळखोरीतून सहसा सुटत नाही, तर वाचलेला पैसा त्या कर्जात जातो आणि शेवटी तुमच्या डोक्यावरचं ओझं खरंच हलकं होतं.

दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक क्लेमचे ठराविक टक्के, किंवा पूर्ण १०० टक्के भरायचे असतात. घरात इक्विटी (घराची किंमत वजा त्यावरचं कर्ज) बरीच असेल तर १०० टक्क्यांचा प्लॅन करावा लागतो, कारण चॅप्टर ७ मध्ये घेणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं त्यापेक्षा कमी देता येत नाही. आपल्या लोकांचं घर घेतलेलं असतं, १५ वर्षं हप्ते भरलेले असतात, म्हणून हे वरचेवर घडतं. त्या नवरा-बायकोचा प्लॅन असाच १०० टक्क्यांचा होता. म्हणजे क्लेम नंबर ९ मुळे ६० महिने, दर महिन्याला शंभराच्या वर डॉलर, शिवाय ट्रस्टीचं कमिशन, जे कायद्याने १० टक्क्यांपर्यंत असू शकतं.

तुमचा प्लॅन कोणत्या तऱ्हेचा आहे हे वकिलांना सरळ विचारा. दोन मिनिटांचं उत्तर आहे.

पायरी १: रजिस्टर मागवा, आणि योग्य वेळी

केस दाखल झाल्यापासून ७० दिवसांत बहुतेक घेणेकऱ्यांना क्लेम भरावा लागतो. सरकारी खात्यांना, म्हणजे आयआरएस (केंद्राचं टॅक्स खातं) किंवा राज्याच्या टॅक्स खात्याला, १८० दिवस मिळतात. म्हणून रजिस्टर दोनदा बघायचं: ७० दिवस उलटल्यावर एकदा आणि १८० दिवसांनंतर पुन्हा.

वकील असतील तर त्यांच्याकडून "क्लेम्स रजिस्टर आणि प्रत्येक क्लेमची जोडपत्रांसह कॉपी" मागा. नुसती यादी घेऊ नका, खरी माहिती जोडपत्रांत असते. वकील नसतील तर पेसर नावाच्या कोर्टाच्या वेबसाइटवर खातं उघडता येतं. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होतं. एका कुटुंबाचे सगळे क्लेम सहसा त्यात बसतात.

हरकतीला देशभर एकच ठरलेली मुदत नाही. काही कोर्टांनी आपापल्या नियमांत ती घातली आहे, आणि प्लॅन कन्फर्म, म्हणजे कोर्टाकडून मंजूर, झाल्यावर काही मुद्दे मांडणं अवघड होऊन बसतं. "नंतर बघू" म्हणून ठेवलेला क्लेम दोन वर्षांनी हातात घेतला, तेव्हा ट्रस्टीने त्यावर पैसे वाटून टाकलेले असतात.

पायरी २: क्लेमचा फॉर्म वाचायला शिका

फॉर्मचा नंबर ४१०, नाव प्रूफ ऑफ क्लेम. दिसायला किचकट आहे, पण आपल्याला त्यातल्या मोजक्याच जागा बघायच्या असतात.

पहिल्या प्रश्नात आत्ताचा घेणेकरी कोण ते असतं. दुसऱ्यात हा क्लेम कोणाकडून विकत घेतला आहे का, ते. इथे "हो" असेल तर सावध व्हा. बँका जुनी, न वसूल होणारी खाती गठ्ठ्याने विकतात, घेणारी कंपनी ती डॉलरमागे काही सेंट देऊन घेते आणि पूर्ण रकमेचा क्लेम लावते. यात बेकायदा काही नाही. पण खातं दोन-तीन हातांतून फिरलं की कागद गळतात, तारखा चुकतात, माणसंही बदलतात.

सहाव्या प्रश्नात खात्याचे शेवटचे चार आकडे असतात. ते आपल्या जुन्या स्टेटमेंटशी ताडून बघा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच काउंटीत एकाच नावाचे दोन-दोन पाटील आणि तीन-तीन कुलकर्णी राहतात. त्यातून मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी गाळलेलं. दुसऱ्याच माणसाचं खातं आपल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये आणि तिथून क्लेममध्ये घुसलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

सातव्यात रक्कम, आणि तीत व्याज किंवा इतर आकार धरलेत का. धरले असतील तर त्यांची फोड जोडायला हवी. नवव्यात क्लेम तारणी आहे का, बाराव्यात तो अग्रक्रमाचा आहे का. या दोन जागी चुकीची खूण झाली तर घेणेकरी रांगेत पुढे जातो, हे लक्षात असू द्या.

आता जोडपत्र. क्रेडिट कार्डासारख्या फिरत्या खात्यासाठी दिवाळखोरी कोर्टांच्या नियम ३००१ प्रमाणे घेणेकऱ्याला पाच गोष्टी लिहून द्याव्या लागतात: खातं कोणाकडून घेतलं, शेवटच्या व्यवहाराच्या वेळी ते कोणाचं होतं, शेवटचा व्यवहार कधी झाला, शेवटचा भरणा कधी झाला आणि बँकेने खातं चार्ज-ऑफ कधी केलं, म्हणजे बुडीत म्हणून कधी लिहून टाकलं. हा तक्ता बहुतेक वेळा एका पानाचा, बारीक अक्षरातला असतो. क्लेम नंबर ९ चा तक्ता आम्ही उघडला तेव्हा "शेवटचा भरणा" यासमोर १४ ऑगस्ट २०१३ होतं. केस दाखल झाली होती १० फेब्रुवारी २०२३ ला. मी पेन्सिलने दोन्ही तारखांखाली रेघ मारली आणि ताईंसमोर कागद सरकवला. भाऊंनी बोटांवर वर्षं मोजली. "साडेनऊ," ते म्हणाले. "तेव्हा आपण अजून आयझेलिनला भाड्याच्या घरात होतो."

पायरी ३: कारण शोधा

"आम्हाला हे पटत नाही" हे कारण होत नाही. नीट भरलेला क्लेम हा त्या रकमेचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि तो खोडायला तुम्हाला काहीतरी ठोस दाखवावं लागतं. ते दाखवलंत की मग सिद्ध करण्याची जबाबदारी घेणेकऱ्यावर जाते.

सगळ्यात जास्त वेळा कामी येणारं कारण म्हणजे क्लेम मुदतबाह्य असणं. प्रत्येक राज्याने कर्जवसुलीचा दावा लावायला मुदत घालून दिली आहे. न्यू जर्सीत करारावरच्या दाव्याला ६ वर्षं. न्यू यॉर्कमध्ये क्रेडिट कार्डासारख्या ग्राहक-कर्जाला २०२२ पासून ३ वर्षं. टेक्सासात ४, कॅलिफोर्नियात लेखी कराराला ४. ती मुदत केस दाखल होण्यापूर्वीच संपली असेल, तर कलम ५०२(बी)(१) खाली क्लेम नामंजूर होतो, कारण साध्या कोर्टातही तो वसूल करता आला नसता.

मोजताना माणसं हमखास चुकतात, म्हणून सावकाश सांगते. मोजायचं ते साधारणपणे शेवटच्या भरण्यापासून किंवा त्यानंतरचा हप्ता चुकला तिथपासून. चार्ज-ऑफच्या तारखेपासून नाही, ती बँकेच्या हिशोबाची तारीख आहे. आणि मोजायचं ते केस दाखल झाली त्या दिवसापर्यंत, आजपर्यंत नाही. केसच्या दिवशी मुदत शिल्लक असेल तर घेणेकरी वाचला, पुढे केस पाच वर्षं चालली तरी. क्रेडिट रिपोर्टवरून जुनी नोंद ७ वर्षांनी जाते, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मधेच कधी कोणाच्या फोनला घाबरून ५० डॉलर भरले असतील, तर बऱ्याच राज्यांत घड्याळ तिथून पुन्हा सुरू होतं. कार्डाच्या करारात दुसऱ्या राज्याचा कायदा लागू केलेला असेल तर गणित आणखी गुंतागुंतीचं होतं, तिथे वकिलांचाच शब्द प्रमाण माना.

आणखी एक खोल खड्डा आहे: जुना निकाल. घेणेकऱ्याने तुमच्यावर राज्याच्या कोर्टात आधीच दावा लावून निकाल मिळवला असेल, तर सहा वर्षांची गोष्ट संपली. न्यू जर्सीत निकाल २० वर्षं जिवंत राहतो. "आमच्यावर कधी केस झालीच नाही" असं सगळे म्हणतात. पण प्रोजेक्टमागे राज्यं बदलत फिरलेल्या माणसाचं समन्स जुन्या पत्त्यावर जातं आणि तो गैरहजर म्हणून निकाल लागतो. राज्याच्या कोर्टाच्या वेबसाइटवर आपल्या नावाने शोधून बघा, नावाची सगळी स्पेलिंगं घालून.

आता कोणी विचारेल की मुदतबाह्य क्लेम लावणं हाच गुन्हा नाही का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मिडलँड फंडिंगच्या प्रकरणात याचं उत्तर "नाही" असं दिलं. अलाबामातल्या एका बाईंच्या चॅप्टर १३ मध्ये त्या कंपनीने १,८७९ डॉलर ७१ सेंटचा क्लेम लावला होता. शेवटचा व्यवहार १० वर्षांपूर्वीचा, आणि तिथली मुदत ६ वर्षांची. न्यायालय म्हणालं की उघडपणे मुदतबाह्य क्लेम लावल्याने कर्जवसुलीच्या कायद्याचा भंग होत नाही, कारण दिवाळखोरीत हरकत घेण्याची सोय आहे. बाजूने किंवा विरुद्ध, त्या निकालाबद्दल कोणाचं मत काहीही असो. आपल्यासाठी अर्थ इतकाच की असे क्लेम येत राहणार आणि ते थांबवायचे तर तुम्हालाच हात वर करावा लागणार. अयोग्य क्लेमवर हरकत घेणं हे ट्रस्टीचंही काम आहे, पण त्यांच्याकडे केसेसचे ढीग असतात. "ट्रस्टी बघेल की" यावर विसंबून राहू नका.

बाकीची कारणं भराभर सांगते. एकाच खात्याचा क्लेम जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांनी लावलेला असतो. मुदतीनंतर आलेला क्लेम असतो, आणि तोही हरकत घेतल्याशिवाय आपोआप पडत नाही. बिनतारणी कर्जावर केसच्या तारखेनंतरचं व्याज धरलेलं असतं, ते चालत नाही. गाडी उचलून नेऊन विकली, पण क्लेम अजून पूर्ण रकमेचा आणि तारणी म्हणूनच उभा असतो, विक्रीची रक्कम वजाच केलेली नसते. हॉस्पिटलच्या क्लेममध्ये मूळ बिलाची रक्कम असते आणि इन्शुरन्सने ठरवलेला दर बाजूला राहतो. इथे इन्शुरन्सकडून आलेला हिशोबाचा कागद, ज्यावर "हे बिल नव्हे" असं छापलेलं असतं, तोच तुमचा पुरावा. तो फेकून देऊ नका.

आयआरएसच्या क्लेमवर "अंदाजे" असं दिसलं तर बहुधा तुमचं एखाद्या वर्षाचं रिटर्न भरायचं राहिलं आहे. तिथे भांडत बसू नका. रिटर्न भरा, त्याची प्रत त्यांच्या दिवाळखोरी विभागाला पाठवा, आणि ते क्लेम सुधारून देतात का बघा. हजारोंचा आकडा शेकड्यांवर आलेला मी पाहिलाय, हरकत न घेता.

आणि खास आपल्यासाठी एक. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचं गृहकर्ज किंवा काकांकडून घेतलेले हातउसने रुपयांत असतात. क्लेम मात्र डॉलरमध्येच मोजला जातो, केस दाखल झाल्या दिवशीच्या दराने. कर्ज घेताना डॉलर ६५ रुपये असेल तर २० लाखांचे साधारण ३०,७७० डॉलर होतात, ८२ च्या दराने २४,३९० च्या आसपास. क्लेम भरणाऱ्याने जुना दर लावला असेल तर हरकतीला जागा आहे. (फ्लॅट आणि ते कर्ज, दोन्ही तुमच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे केससोबत कोर्टात दिलेल्या मालमत्ता-कर्जांच्या याद्यांत, दाखवलेले असलेच पाहिजेत. मालमत्ता जगात कुठेही असो, ती सांगावी लागते. हे लपवून क्लेमवर हरकत घ्यायला गेलात तर सगळंच अंगाशी येईल.)

पायरी ४: आपलीच शेड्यूल तपासा

केस करताना तुम्ही शेड्यूल ई/एफ मध्ये कर्जांची यादी दिलेली असते. तिथे प्रत्येक कर्जापुढे "वादग्रस्त" अशी खूण करायची सोय आहे. तुम्हीच ६,३१८ डॉलर कबूल म्हणून लिहिले असतील, तर आता "हे माझं नाही" म्हणताना जज पहिला प्रश्न तोच विचारतील. चूक असेल तर आधी शेड्यूल दुरुस्त करून घ्या. केस अजून व्हायची असेल, तर ज्या कर्जाबद्दल खात्री नाही त्यापुढे ती खूण आत्ताच करा.

पायरी ५: कागद मागा

कार्डाच्या खात्याबाबत तुम्ही लेखी मागणी केलीत, तर घेणेकऱ्याला ३० दिवसांत मूळ करारासारखा लेखी आधार द्यावा लागतो. दोन ओळींचं पत्र पुरतं: केस नंबर, क्लेम नंबर, आणि ज्या लेखी कागदावर क्लेम आधारलेला आहे त्याची प्रत पाठवा. पत्र क्लेम फॉर्मवर नोटिसीसाठी दिलेल्या पत्त्यावर, पावती घेऊन पाठवा. पुष्कळदा या पत्रानंतरच कंपनी क्लेम मागे घेते.

उत्तर आलं नाही तरी "कागद दिले नाहीत" एवढ्यावर सगळी मदार ठेवू नका. बऱ्याच कोर्टांचं म्हणणं असं की क्लेम नामंजूर करण्याची कारणं कलम ५०२ मध्ये दिली आहेत आणि कागद नसणं हे त्यांत नाही. कागद नसले की क्लेमचं वजन कमी होतं. त्याच्या जोडीला मुदत, मालकी किंवा रक्कम यांपैकी एक खरा मुद्दा हवा.

पायरी ६: हरकत लिहा

दाखल करायची ती इंग्रजीत, पण तिचा सांगाडा किती साधा असतो हे कळावं म्हणून मराठीत देते. वर कोर्टाचं नाव, केस नंबर, चॅप्टर, आणि "क्लेम नं. ९ वर हरकत" असं शीर्षक. मग:

"कर्जदारांनी १० फेब्रुवारी २०२३ रोजी चॅप्टर १३ खाली केस दाखल केली. अमुक कंपनीने क्लेम नं. ९, रक्कम ६,३१८.४०, दाखल केला. क्लेमला जोडलेल्या तक्त्यानुसार शेवटचा भरणा १४ ऑगस्ट २०१३ रोजी झाला. त्यानंतर कर्जदारांनी काहीही भरलेलं नाही. या कर्जावर कोणताही निकाल झालेला नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार करारावरच्या दाव्याची मुदत ६ वर्षं आहे व ती केसपूर्वीच संपली आहे. सबब क्लेम नं. ९ पूर्णपणे नामंजूर करावा."

एवढंच. त्या कंपनीने किती फोन केले, कसा त्रास दिला, हे यात घालू नका. मनात कितीही साचलेलं असलं तरी जजना हव्या असतात त्या तारखा. सोबत क्लेमची प्रत, तुमचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र आणि आदेशाचा मसुदा जोडायचा. प्रतिज्ञापत्रात "काहीही भरलेलं नाही" लिहिण्यापूर्वी बँकेची जुनी स्टेटमेंट खरंच बघा. ते शपथेवर आहे.

हरकत दाखल करायला कोर्टाची फी नाही. जजच्या आणि जिल्ह्याच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या असतात: कुठे सुनावणीची तारीख तुम्हीच घालायची, कुठे "इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही तर आदेश होईल" अशी नोटीस द्यायची. न्यू जर्सीची दिवाळखोरी कोर्टं नेवार्क, ट्रेन्टन आणि कॅम्डेनला आहेत. आपली केस कुठे आहे ते बघून तिथले स्थानिक नियम वाचा. तारणाचाच हक्क खोटा आहे असं म्हणायचं असेल तर नुसती हरकत पुरत नाही, वेगळा दावा लावावा लागतो. ते काम वकिलाशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ७: नोटीस योग्य हातात पोचवा

चांगल्या हरकती इथे पडतात. नोटीस सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी पाठवावी लागते. ती जाते क्लेम फॉर्मच्या तिसऱ्या प्रश्नात "नोटीस कुठे पाठवावी" असं लिहिलेल्या माणसाला आणि पत्त्याला. शेजारीच "पैसे कुठे पाठवावेत" असा दुसरा पत्ता असतो. घाईत तोच उचलला जातो आणि नोटीस बँकेच्या लॉकबॉक्समध्ये, म्हणजे नुसते चेक जमा होणाऱ्या पेटीत, जाऊन पडते. एक प्रत ट्रस्टीला.

घेणेकरी ठेव-विमा असलेली बँक असेल तर आणखी एक नोटीस सर्टिफाइड मेलने, बँकेच्या अधिकाऱ्याच्या नावे. आयआरएससारखं केंद्र सरकारचं खातं असेल तर सरकारी वकिलांनाही पाठवावी लागते. पोस्टातून परत येणारं पोचपावतीचं हिरवं कार्ड जपून ठेवा, आणि कोणाला, कुठे, कधी पाठवलं याचा दाखला कोर्टात भरा.

पायरी ८: उत्तर आलं तर, नाही आलं तर

खाती विकत घेणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा उत्तरच देत नाहीत. मग हरकत मान्य होऊन आदेश निघतो, कित्येकदा कोर्टात उभं राहावं न लागता. तरी तारीख रद्द झाल्याची खात्री करा. आपण गैरहजर राहिलो म्हणून चांगली हरकत फेटाळली जाणं यासारखं दुःख नाही.

उत्तर आलं तर घाबरू नका. दुसऱ्या बाजूचे वकील अनेकदा फोन करून रक्कम कमी करून देतात, मग दोघांच्या सहीने आदेश होतो. जमलं नाही तर पुराव्याची सुनावणी. जज विचारतील तेवढंच बोला, कागदाचं पान आणि तारीख सांगून. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला फक्त १४ दिवस असतात.

घराचं कर्ज आणि न सुटणारी कर्जं

मॉर्गेजच्या क्लेमला ४१०ए नावाचा तक्ता जोडलेला असतो, त्यात भरलेल्या आणि चुकलेल्या हप्त्यांचा पूर्ण हिशोब. आपल्या बँकेच्या नोंदींशी तो एक-एक ओळ लावून बघा. एस्क्रोची (बँक तुमच्या वतीने घरपट्टी आणि विमा भरते त्या खात्याची) तूट दोनदा धरलेली असणं आणि भरलेला हप्ता कर्जात जमा न होता "सस्पेन्स" खात्यात पडून असणं या दोन चुका मी सर्वात जास्त पाहिल्या. केस चालू असताना बँकेने नवे आकार लावले तर त्यांची वेगळी नोटीस येते. तिला आव्हान द्यायला एक वर्ष मिळतं.

स्टुडंट लोनच्या बाबतीत मात्र थांबून विचार करा. क्लेम उशिरा आला म्हणून तो उडवलात, तर पाच वर्षं त्या कर्जात काही जाणार नाही, व्याज वाढत राहील आणि डिस्चार्जनंतर, म्हणजे सुटणारी कर्जं माफ झाल्याचा आदेश निघाल्यावर, ते तुमच्या दारात उभं राहील. अशा कर्जाचा क्लेम आलाच नाही, तर उलट तुम्हीच घेणेकऱ्याच्या वतीने तो भरू शकता, क्लेमची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. टॅक्सचंही तसंच. हप्त्यातून ते फिटलेलं बरं.

पायरी ९: आदेशानंतर ट्रस्टीचा हिशोब बघा

आदेश निघाला की काम संपलं असं समजू नका. आदेशाची प्रत ट्रस्टीच्या ऑफिसला मिळाली का, त्यांच्या हिशोबात क्लेम शून्यावर आला का, आणि वाचलेल्या रकमेने हप्ता किंवा महिने कमी होण्यासाठी प्लॅन बदलायचा अर्ज करावा लागतो का, हे वकिलांना विचारा. तो अर्ज बहुधा वेगळा करावा लागतो.

त्या नवरा-बायकोच्या केसमध्ये कंपनीने उत्तर दिलं नाही. आदेश झाल्यावर सहा आठवड्यांनी ताईंनी ट्रस्टीचा ताजा हिशोब मागवला आणि मला फोन केला. क्लेम नंबर ९ समोर अजून ६,३१८.४० दिसत होते, आणि १७२ डॉलर पाठवलेलेही. आम्ही आदेशाची प्रत त्याच दुपारी पुन्हा पाठवली, आणि पाठवलेली रक्कम परत मागवण्याबद्दल पत्र दिलं. पुढच्या महिन्याच्या हिशोबात शून्य आलं. ताई आता दर महिन्याच्या १० तारखेला तो कागद स्वतः उघडतात, पेन्सिल घेऊन.